चार बोटांचे रोडगे

"कणीक कोण मळणार?" असं साहेबांनी विचारलं आणि सगळ्यात आधी माझ्या हातांकडं पाहिलं.

मीटिंगमध्ये आम्ही सहा जण होतो. टेबलावर माझाच कागद. कंपनीच्या लोकांची वर्षाची सहल, तिला आता टीम बिल्डिंग म्हणायचं असतं. तिचं नियोजन यंदा माझ्याकडं आलं होतं. दोन आठवडे बसून मी सगळं लिहून काढलं होतं. सकाळी खेळ, दुपारी निखाऱ्यात भाजायचे रोडगे, मग बक्षिसं, पाच वाजता बस परत. साहेबांनी खेळांवर मान हलवली, बसवर मान हलवली. रोडग्यांवर आले आणि थांबले.

"सगळेच मळतील, सर," मी म्हटलं. "चार टीम. प्रत्येक टीमची वेगळी परात. भाजायचे मात्र एकाच जगऱ्यात. आणि मग सगळ्यांचे रोडगे एकत्र करून सगळ्यांनी खायचे. टीम बिल्डिंग त्यातच आहे."

"हं." साहेबांनी परत माझे हात पाहिले. "कणकेचं काम रिसॉर्टच्या कुकला दिलं तर? हायजीनच्या दृष्टीनं?"

मी हात टेबलाखाली घेतले. घेतले आणि लगेच स्वतःचाच राग आला. नखं कापलेली होती, हात स्वच्छ होते. लपवायचं काय होतं? शेजारी बसलेली पर्चेसची बाई नखांना लाल रंग लावून मोबाइल चोळत होती. तिच्या हातांकडं कुणी पाहिलं नाही.

मी संशयी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं वाचताना तुम्हाला म्हणता येईल की हिला सगळीकडं तेच दिसतं. खुशाल म्हणा. तुम्ही पहिले नाही.

आमचं गाव पोंभुर्ण्याकडचं. आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हापासून आम्ही बौद्ध. वडील ऊर्जानगरला ठेकेदाराकडं कामाला होते, म्हणून माझं शिक्षण चंद्रपुरात झालं. एमएसडब्ल्यू केलं. मग या कंपनीत एचआरमध्ये लागले. कंपनीचं नाव सांगत नाही. तीन वर्षं झाली, मी टेम्पररीच. माझ्यानंतर आलेले दोघं कन्फर्म झाले. मला दर वर्षी सांगतात, पुढच्या वेळी बघू.

या तीन वर्षांत मला कुणी जातीवरून एक शब्द बोललेलं नाही. एकही नाही. तिथंच तर अडचण आहे. शिवी दिली असती तर पकडता आली असती. इथं शिव्या नाहीत, फक्त कारणं आहेत. माझ्या टेबलाशेजारी स्वाती बसते. माझ्याच वयाची, माझ्याच कामाची, पण कन्फर्म. बोलायला गोड. चहा आम्ही बरोबर पितो, कपाचा चहा, मशीनचा. पण मी डब्यातून काही आणलं की तिचा उपास निघतो. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नाहीतर ॲसिडिटी. आठवड्याला सात वार असतात, स्वातीला ते पुरत नाहीत. एकदा मी मुद्दाम साबुदाण्याची खिचडी नेली. ती म्हणाली, "अगं, आज माझा उपास नाही ना!" आणि हसली. मीही हसले. घरी आल्यावर मात्र त्या हसण्याची मला लाज वाटली.

हे मी फोनवर मायला सांगितलं. माय म्हणाली, "इतका इचार काऊन करून राह्यली? खाल्लं नाई तर नाई खाल्लं. काम नीट कर, पर्मनंट हो, मंग पाह्यजो." मायचंही बरोबर होतं. वडील गेल्यापासून घर माझ्या नोकरीवर आहे. लहान भाऊ ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकतो. मला ती कायमची ऑर्डर हवी होती. फार हवी होती. त्यापुढं उपास वगैरे गिळता येत होते.

रोडगे मी का ठेवले, तेही सांगते. आमचा हा सगळा भाताचा पट्टा. पण शेतात, नदीवर, कुठंही डब्बापार्टी, म्हणजे उघड्यावरचा स्वयंपाक म्हटला की रोडगेच लागतात. गव्हाचं जाडसर पीठ, मीठ, ओवा, तेलाचं मोहन. घट्ट कणीक मळायची, मुठीएवढे गोळे करायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे. तो निखारा म्हणजे जगरा. बाहेर काढले की राख झटकायची, फोडायचे, वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. ते एकट्यानं होत नाही. कुणी मळतं, कुणी जगरा राखतं, कुणी उलटवतं. सहलीचं काम हातात आलं तेव्हा इंटरनेटवरचे खेळ मी पाहिले. फुगे फोडा, दोरीला गाठी मारा. मला वाटलं, आपल्याकडं याहून चांगलं काहीतरी आहे. हे मी खरंच मनापासून केलं होतं. त्यामागं काही डाव नव्हता.

साहेबांनी शेवटी रोडगे मंजूर केले. मोठ्या साहेबांना, म्हणजे प्लांट हेडना, आवडतात म्हणून. तेच परीक्षक ठरले.

टीम मी चिठ्ठ्या टाकून पाडल्या. साठ जणांची नावं डब्यात, स्वातीच्याच हातानं काढली. पंधरा-पंधराच्या चार टीम, छान मिसळलेल्या. यादी साहेबांना पाठवली. दुसऱ्या दिवशी परत आली. खाली एक ओळ होती, "सोयीसाठी थोडे बदल केले आहेत, डिपार्टमेंटप्रमाणे."

मी जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवून वाचली. पहिल्या तीन टीममध्ये पाच-पाच नावांचे बदल. टीम चार मात्र सगळीच बदलली होती. लॅबचे रामटेके. स्टोअरचे आत्राम. ट्रान्सपोर्टचे सलीम शेख. कँटीनच्या मंदाबाई. गेटवरचे, बगीच्याचे, सफाईचे, मेंटेनन्सचे काही जण. आणि एचआरची मी. मी खाती मोजली. पंधरा माणसं, नऊ खाती. हे कुठलं डिपार्टमेंट?

मी साहेबांकडं गेले. "सर, टीम चार डिपार्टमेंटप्रमाणं दिसत नाही."

"ऑपरेशनली सोयीचं आहे ते," साहेब स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले. "आणि ऐक, हा इव्हेंट नीट पार पडला की तुझी फाइल मी स्वतः पुढं पाठवतोय. या वेळी नक्की."

मी "थँक यू सर" म्हणून बाहेर आले.

हो, म्हटलं. तेही लिहायलाच हवं. मला जे दिसलं होतं ते दिसलंच होतं, पण ऑर्डरचं नाव निघालं आणि माझी जीभ आत गेली. घरी येताना बसमध्ये मी स्वतःला समजावत होते. कदाचित खरंच सोय असेल. कदाचित हा योगायोग असेल. पंधरापैकी पंधरा नावांचा योगायोग.

सहल जानेवारीत होती. ताडोब्याकडच्या रस्त्यावर जंगलाला लागून एक रिसॉर्ट आहे, तिथं. सकाळी आठला पोचलो तेव्हा हात कोटाच्या खिशातून काढवत नव्हते. माइक माझ्याकडं होता. सगळ्या कार्यक्रमाचं बोलणं मीच करायचं होतं. स्पीकर सलीमभाऊंनी आपल्या गाडीतून आणला होता, तेच त्याच्याजवळ उभे.

खेळ घ्यायला पुण्याचा एक ट्रेनर बोलावला होता. त्यानं आधी सगळ्यांना गोल उभं केलं आणि एकमेकांचे हात धरून गाठ घालायला लावली. मग ती हात न सोडता सोडवायची. स्वातीचा हात माझ्या हातात आला. पर्चेसच्या बाईचा दुसऱ्या हातात. दोघींनी घट्ट धरला. नंतर त्यानं डोळे मिटून मागं पडायला सांगितलं, मागच्यांनी झेलायचं. मी पडले. चौघांनी झेललं, त्यात आमचे साहेबही. "बघ, विश्वास!" ट्रेनर म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मी खरंच हलले. वाटलं, आपलंच मन वाकडं. हे लोक हात धरतात, पाठ झेलतात, आणि मी यादीतली आडनावं मोजत बसते. त्या अर्ध्या तासात मी त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली होती. आज त्याचा मला संताप येतो.

मग पराती मांडल्या. आमच्या परातीत मंदाबाईंनी हात घातला. कँटीनमध्ये त्या फक्त ताटं धुतात, त्यांना पोळीला हात लावू देत नाहीत, हे मला तेव्हाच कळलं. पण मळणं असं की पाहत राहावं. आत्राम जगरा नीट करत होते. गोवऱ्या कशा रचायच्या हे चारही टीम त्यांनाच विचारत होत्या. रामटेके लॅबमध्ये मोजतात तसे गोळे मोजून सारखे करत होते. आमचे पंचवीस झाले.

जगरा एकच होता. कोणाचा रोडगा कोणता हे कळायला हवं. आमच्या गावाकडं दोन घरांचे रोडगे एका जगऱ्यात भाजायचे असले की गोळ्यावर बोटांनी खूण करतात. खोल दाबायची, नाहीतर भाजताना बुजते. मी माइकवरून सांगितलं, पहिल्या टीमनं एक बोट, दुसरीनं दोन, तिसरीनं तीन, चौथीनं चार. परीक्षकांना सोपं जाईल म्हणून. खरं सांगते, फक्त तेवढ्यासाठी नाही. यादीचा काटा मनात होताच. मला पाहायचं होतं.

रोडगे निखाऱ्यात गेले आणि स्वाती माझ्याजवळ आली. "अगं, रस्सीखेच घे ना तिकडं मैदानावर. तुझाच आवाज चांगला आहे. इथलं वाढायचं वगैरे मी बघते."

मी गेले. तास गेला. रस्सीखेच झाली, संगीतखुर्ची झाली. परत आले तेव्हा पंगत बसली होती. लांब टेबलं, पानांच्या पत्रावळी, तुपाचा वास. मोठे साहेब मधोमध, एका बाजूला आमचे साहेब. सगळे हसतखिदळत खात होते. मी पाण्याचा जग हातात घेतला आणि वाढायच्या निमित्तानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले.

एक बोट. तीन बोटं. दोन बोटं. एक. दोन. फोडलेला, त्यावर तीनच्या खुणा. दोन. एक. मोठ्या साहेबांच्या पानात दोन रोडगे, एकावर दोन बोटं, एकावर एक. मधल्या थाळ्यांत रचून ठेवलेले, ते मी हातानं फिरवून पाहिले. चार बोटं कुठंच नव्हती. साठ माणसांच्या पंगतीत आमचा एकही रोडगा नव्हता. आमच्या टीमच्या पानांतसुद्धा दुसऱ्यांचेच होते. ते मुकाट्यानं खात होते. त्यांनीही पाहिलं असणार. मंदाबाई पानाकडंच बघत होत्या.

मी मागं स्वयंपाकघरात गेले. तिथं रिसॉर्टचे कुक मडावीभाऊ वरणाचं पातेलं उतरवत होते.

"भाऊ, चार बोटवाले रोडगे कुठी गेले?"

"ते ना? मॅडमनं अलग काढाले सांगतले. मांगं डायवर आन् गेटवाल्या लोकाईले द्या म्हणे. मी देल्ले." मग माझ्या तोंडाकडं पाहून ते थांबले. "काई चुकलं का माह्यं, बाई? मस्त झाल्ते. लोकाईनं चाटूनपुसून खाल्ले."

"तुमचं नाई चुकलं. एखादा उरला का?"

"एक हाय. मीच ठेवला व्हता माह्यासाठी."

त्यांनी तो कागदात बांधलेला काढून दिला. अजून कोमट होता. चार बोटं स्वच्छ दिसत होती. ती मंदाबाईंची होती, करंगळीची खूण जरा तिरपी. मी तो ओढणीत घेतला.

स्वाती दारातच भेटली. माझ्याकडं पाहून तिला कळलं. "अगं, तसं काही नाही," ती म्हणाली. मी अजून काही विचारलंच नव्हतं. "मोठ्या साहेबांचं पोट नाजूक आहे. सर म्हणाले, रिस्क नको. ड्रायव्हरलोकांनाही गरम मिळायला हवं ना? तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

"बाकी तीन टीमच्या रोडग्यांनी पोट बिघडत नाही?"

डोळे भरून आले, तिचे. मला तेही नको होतं. अशा वेळी यांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि पुसायला आपणच पुढं व्हायचं असतं.

पण अजूनही मी काही करणार नव्हते. हे प्रामाणिकपणे सांगते. तो रोडगा मी घरी नेणार होते, मायला दाखवणार होते, रडणार होते आणि सोमवारी कामावर जाणार होते. ऑर्डर आली की मग बघू, असंच मनात होतं.

बक्षीस समारंभाची वेळ झाली. मी माइक घेतला. साहेबांनी हातात चिठ्ठी दिली, वाचायला. तिसरं बक्षीस टीम एक. दुसरं टीम तीन. खाली पाहिलं.

पहिलं बक्षीस, टीम चार.

मला वाटलं मी चुकीचं वाचतेय. साहेब जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बोलव सगळ्यांना पुढं. फोटो हेड ऑफिसला जाणार आहे. आणि तुझं आता पक्कं समज." त्यांचा चेहरा अगदी प्रसन्न होता. त्यांना खरंच वाटत होतं की ते आमचं भलं करतायत.

मी नाव वाचलं. आमची माणसं बुजत बुजत पुढं आली. मोठे साहेब ट्रॉफी घेऊन उभे राहिले. माझ्याकडून माइक घेऊन म्हणाले, "असा खुसखुशीत रोडगा मी आयुष्यात खाल्ला नाही. चव अजून तोंडात आहे. टीम चारनं आज आपल्याला दाखवून दिलं की या कंपनीत सगळे समान आहेत." टाळ्या झाल्या. मोबाइल वर आले.

वेगळी यादी केली, गिळलं असतं. रोडगे मागं पाठवले, तेही कदाचित गिळलं असतं. पण न खाल्लेल्या रोडग्याचं कौतुक? आमच्या तोंडावर? म्हणजे आमचा अपमान त्यांनी करायचा, आणि त्या अपमानाचा फोटो हसून आम्ही काढून द्यायचा. शेजारी मंदाबाई पदर सावरत फोटोसाठी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या कानाशी विचारलं, "त्याहीनं तं खाल्लाच नाई ना आपला?" बस. तेवढंच. त्यांनाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

मोठ्या साहेबांनी माइक परत माझ्या हातात दिला. मी ओढणीतला रोडगा काढला. शेजारच्या टेबलावर पत्रावळ होती, तिच्यावर ठेवला. पत्रावळ त्यांच्यासमोर धरली.

"साहेब," मी माइकवर म्हटलं, "हा टीम चारचा रोडगा. यावर चार बोटं आहेत. तुमच्या पानात एक आणि दोन बोटांचे होते. आमचे सगळे मागं ड्रायव्हर लोकांना पाठवले होते. तुम्ही आमचा खाल्लाच नाही. आता एक घास खा, आणि मग बक्षीस द्या."

मोठे साहेब हसले. "अरे वा. पण पोट भरलंय माझं."

"एक घास, साहेब."

"मला शुगर आहे."

"रोडग्यात साखर नसते."

त्यांनी आमच्या साहेबांकडं पाहिलं. ते पाहणं मी कधी विसरणार नाही. त्यात राग नव्हता. ही काय मागतेय, असं होतं त्यात, जणू मी काहीतरी अशक्य मागितलं होतं. एवढासा घास. तोंडात टाकून मागून थुंकला असता तरी आम्ही हरलो असतो. तेवढंही त्यांच्याकडून झालं नाही.

"माइक बंद करा," आमचे साहेब ओरडले. स्पीकरजवळ सलीमभाऊ होते. त्यांनी बटणावर हात ठेवला, आणि तसाच ठेवला. दाबला नाही.

मी म्हटलं, "जे खाल्लं नाही त्याचं बक्षीस आम्हाला नको." ट्रॉफी मोठ्या साहेबांच्याच हातात राहिली. मी माइक टेबलावर ठेवला. मंदाबाईंनी पत्रावळीतला रोडगा उचलला, राख झटकली आणि उभ्या उभ्या खाऊन टाकला, सगळ्यांच्या समोर.

इथं गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. बऱ्याच वेळानं रामटेके मागून उठून आले. लॅबमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस, कधी वर मान करून बोललेला नाही. मला वाटलं शाबासकी देतील. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या नावानं बक्षीस नाकारलं तुम्ही. आमाले इचारलं होतं का? माह्या पोरीचं लग्न हाय. उद्या मले लॅबमधून काढलं तं?"

मी विचारलं नव्हतंच. साहेबांनी आम्हाला न विचारता एका यादीत कोंबलं आणि मीही त्यांना न विचारता त्यांच्या वतीनं बोलले. "चुकलं, भाऊ," मी म्हटलं. "पण फोटो काढू द्यायला हवा होता का?" ते आपल्या जागेवर जाऊन बसले.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. ओरडले नाहीत. "तुला काय वाटलं, जात? दोन हजार कितीमध्ये आहोत आपण? मी तुला झेललं होतं त्या खेळात, विसरलीस? तुम्हा लोकांना सगळीकडं तेच दिसतं."

"तुम्हा लोकांना म्हणजे कोणत्या लोकांना, सर?"

तीन वर्षांत पहिल्यांदा चुकून काहीतरी बाहेर पडलं होतं. मग त्यांनी माझ्यापुढं दोन कागद सरकवले. एक माफीचा, टाइप करून ठेवलेला. कामाच्या ताणामुळे माझ्याकडून गैरवर्तन झालं, असा. दुसरा सहलीच्या अहवालाचा. नियोजन माझं, म्हणून अहवालही मीच द्यायचा होता. त्यात आधीच लिहिलं होतं की टीम चारनं मोठ्या मनानं आपली ट्रॉफी सर्व सहकाऱ्यांना अर्पण केली.

"दोन्हींवर सही कर. फाइल आजच पाठवतो," साहेब म्हणाले. "नाहीतर मला काही करता येणार नाही."

मी कागद घेतले आणि म्हटलं, "विचार करून सांगते." त्या रात्री मायशी बोलले. सगळं सांगितलं. माय म्हणाली, "तुह्या बापानं जिंदगीभर माफ्याच मांगतल्या. चुकी कोणाचीबी असो." सही कर असं म्हणाली नाही, करू नको असंही म्हणाली नाही.

मी माझा अहवाल लिहिला. चिठ्ठ्यांची यादी, साहेबांनी बदललेली यादी, पंधरा नावं, नऊ खाती. कोणत्या टीमची कोणती खूण. कोणते रोडगे कुणाच्या पानात. मागं कुणाच्या सांगण्यावरून गेले. मोठे साहेब माइकवर काय म्हणाले, शब्दाला शब्द. एक विशेषण घातलं नाही. या वेळी मात्र आधी विचारलं. चौदा जणांकडं स्वतः गेले, कागद वाचून दाखवला, म्हटलं, सही केली नाही तरी माझा राग नाही. नऊ जणांनी केली. मंदाबाईंनी अंगठा न देता नाव लिहिलं, सावकाश. सलीमभाऊ म्हणाले, "आपण तं बटण दाबलं नाई तवाच सही केली." पाच जणांनी नाही केली. रामटेके त्यांतले. त्यांना मी काही बोलणार नाही.

अहवाल हेड ऑफिसला गेला आहे. उत्तर आलेलं नाही. येईल याची मला खात्री नाही, आणि आलं तरी ते कोणत्या बाजूचं असेल याचीही नाही. माझी फाइल पुढं गेलेली नाही. स्वाती आता दुसऱ्या टेबलावर बसते. मला काम देणं जवळजवळ बंद झालंय. मी स्वतःच निघून जावं, असा त्यांचा हिशेब दिसतो. म्हणजे त्यांना काही म्हणावं लागणार नाही. रोडग्यांचं जसं केलं तसं माझंही, गुपचूप मागच्या दारानं.

मी जाणार नाही. राजीनामा देणार नाही, माफीवर सही करणार नाही, बदली मागणार नाही. रोज साडेनऊला बसमधून उतरते, हजेरी लावते, खुर्चीवर बसते. साहेबांना लेखी कळवलं आहे. मला काढायचं असेल तर काढा, पण कागदावर कारण लिहून द्या. सोय नको, हायजीन नको, ताण नको. तुमच्या मनात जे आहे ते तुमच्या अक्षरात लिहा, खाली सही करा आणि माझ्या हातात द्या.